चेंडूपर्यंत पोचता, पण मारताना तोल जातो? हे क्रमाने तपासा

टेनिस शिकवताना सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड कुठला असं कोणी विचारलं तर मी ग्रिप म्हणणार नाही, बॅकहँडही म्हणणार नाही. हा म्हणेन: खेळाडू धावत चेंडूपाशी पोचतो, स्ट्रोक तसा चांगला शिकलेला असतो, आणि ऐन मारायच्या वेळेला अंग कुठेतरी कलतं. मग कोर्टबाहेरून सगळे ओरडतात "पाय हलव, पाय हलव" आणि तो बिचारा आणखीच नाचायला लागतो. पण हा काही सल्ला नाहीये, ही नुसती तक्रार झाली. कुठला पाय, कधी, किती, हे कोणी सांगतच नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे खालचा क्रम कळेल. तोल जाताना दिसतो मारण्याच्या क्षणी, पण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या सेकंदभर आधीच झालेला असतो, समोरच्याने चेंडू मारला तेव्हा किंवा शेवटच्या दोन-तीन पावलांत. म्हणून दुरुस्ती स्ट्रोकपासून सुरू करू नका. (खाली सगळीकडे उजव्या हाताचा खेळाडू धरलाय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.)

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- फोरहँड मारून झाला की अंग मागे किंवा डावीकडे कलंडतं आणि नको असताना एक-दोन पावलं पडतात
- तसाच चेंडू एकदा नेटमध्ये, एकदा बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बाहेर
- लांबचा चेंडू बरा जातो पण अंगावर आलेला चेंडू अडकतो, कोपर पोटाला चिकटतं
- हळू आलेल्या सोप्या चेंडूवर जास्त चुका, जोरात आलेल्यावर कमी (हे ऐकायला विचित्र वाटतं पण फार कॉमन आहे)
- बास्केटमधून फीड केलेले (म्हणजे कोचने एकेक करून सोपे दिलेले) चेंडू झकास, रॅली (दोघांची सलग मारामारी) सुरू झाली की सगळं कोसळतं

शेवटचं लक्षण सगळ्यात कामाचं आहे, त्यावरून अर्धं निदान होतं. फीडवरही तोल जात असेल तर गडबड बूट, उभं राहणं, स्टान्स (मारताना पाय कसे ठेवता ते) किंवा ताकद यात आहे. फीडवर ठीक आणि फक्त रॅलीत जात असेल तर टायमिंग, म्हणजे स्प्लिट स्टेप (समोरचा मारतो तेव्हाची छोटी उडी, पुढे सांगतो) आणि चेंडूपासूनचं अंतर. पहिला सेट छान आणि दुसऱ्या सेटमध्ये पडायला लागला तर दम आणि मांड्या. आणि फक्त एकाच बाजूला जात असेल, समजा नेहमी उजव्या कोपऱ्यातच, तर त्या बाजूचा घोटा किंवा खुबा बघायला लागेल, तो भाग पुढे आहे.

काहीही करायच्या आधी फोनवर व्हिडिओ काढा

फुकटची तपासणी आहे आणि तरी कोणी करत नाही. फोन मागच्या जाळीला कमरेच्या उंचीवर लावा, स्लो मोशन असेल तर चालू करा, आणि खेळाडूचं पूर्ण शरीर पायांसकट दिसेल असं बघा. पाच मिनिटांची रॅली पुरे. शक्य असेल तर अजून पाच मिनिटं बाजूने काढा, कारण मागे कलणं मागून दिसत नाही आणि बाजूला कलणं बाजूने दिसत नाही.

बघताना चेंडूचा पाठलाग करू नका, तुमची नजर आपोआप चेंडूबरोबर जाते आणि पाय बघायचे राहतात. चार जागी थांबवा: समोरच्याची रॅकेट चेंडूला लागली तेव्हा, आपल्या बाजूला टप्पा पडला तेव्हा, आपण मारला तेव्हा, आणि मारून झाल्यावर लगेच. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे, पाय कुठे आहेत आणि डोकं पायांच्या वर आहे का पायांच्या बाहेर गेलंय. डोकं जड असतं, ते जिकडे जातं तिकडे बाकीचं शरीर जातं. चौथ्या फ्रेममध्ये तोल गेलेला दिसणारच, तुम्हाला शोधायचंय की सगळ्यात पहिल्यांदा कुठल्या फ्रेममध्ये बिनसलं.

१. बूट, कोर्ट आणि चेंडू

दोन मिनिटांचं काम. रनिंग शूज घालून टेनिस खेळणारे अजूनही खूप आहेत आणि त्यांना वाटतं बूट तो बूट. रनिंग शूज सरळ पुढे धावायला बनवलेले असतात, टाच उंच, खालचा फोम मऊ, बाजूने आधार जवळजवळ नाही. टेनिसमध्ये निम्मं काम आडवं थांबायचं असतं, त्यात तो फोम एका बाजूला दबतो आणि पाय बुटाच्या कडेवरून बाहेर जायला बघतो. मुरगळण्याचा धोका तर आहेच, पण तोलाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे पायाला बुटाचा भरवसा नसला की माणूस पूर्ण ब्रेक लावतच नाही. तो अर्धवट थांबतो, ताठ राहतो, आणि हलता हलताच मारतो.

टेस्ट साधी आहे. एका पायावर बाजूला उडी मारून त्याच पायावर थांबा. आत पाय सरकला, टाच वर आली किंवा सोलच्या कडेबाहेर पाय दबलेला दिसला तर बूट बदला किंवा निदान लेस नीट बांधा, शेवटचं भोक वापरून टाच आवळली की अर्धी सरकासरकी थांबते. सोलची नक्षी बोटांखाली गुळगुळीत झाली असेल तर हार्ड कोर्टवर, त्यातून धूळ असेल तर, थांबायच्या वेळी पाय निसटणारच. क्ले कोर्टवर पूर्ण सोलभर नागमोडी नक्षी असलेले बूट लागतात, नाहीतर घसरायला हवं तिथे अडकता आणि अडकायला हवं तिथे घसरता.

मुलांच्या बाबतीत चेंडू तपासा, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण आईबाबांना घाई असते पिवळ्या चेंडूची. नऊ वर्षाच्या मुलाला नेहमीचा चेंडू दिला की टप्पा खांद्याच्या वर येतो, मग ते मूल मागे झुकूनच मारणार, दुसरा मार्गच नाही त्याच्याकडे. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के हळू, केशरी ५० टक्के, हिरवा २५ टक्के, आणि कोर्टही त्या मानाने लहान. इंटरनॅशनल टेनिस फेडरेशनने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी हळू चेंडू नियमातच टाकलेत, ते उगाच नाही. चेंडू बदलल्यावर मागे पडणं थांबलं तर मुलाच्या तोलात काही बिघाड नव्हताच, पुढचं वाचायची गरज नाही.

रॅकेट जड असेल तर स्विंग संपताना मुलाला ओढून नेते, तेही बघून घ्या.

२. नुसतं उभं राहणं

रेडी पोझिशनमध्ये उभं करा आणि खांद्याला बाजूने हलकासा धक्का द्या, मग समोरून. सांगून द्या, उगाच कोणाला पाडू नका. पाय जवळ असतील तर बाजूच्या धक्क्याला पाऊल पडेल, वजन टाचांवर असेल तर समोरच्या धक्क्याला मागे जाईल. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, गुडघे वाकलेले, कंबर किंचित मागे, रॅकेट पुढे दोन्ही हातात.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. "चवड्यांवर उभं राहा" असं सगळे सांगतात आणि मुलं अक्षरशः टाचा उचलून उभी राहतात. पोटऱ्या कडक, गुडघे सरळ, आणि जमिनीला टेकलेला भाग निम्मा. वजन चवड्याकडे हवं पण टाच जमिनीला टेकलेली-न टेकलेली अशी, खाली कागद सरकवता येईल एवढीच हलकी. दुसरी चूक म्हणजे गुडघ्याऐवजी पाठ वाकवणं, बाजूने बघितलं तर लगेच दिसतं, डोकं बोटांच्या पुढे आलेलं असतं आणि पहिलं पाऊल पुढे पडण्यातच जातं.

३. स्प्लिट स्टेपचं टायमिंग

फक्त रॅलीत तोल जाणाऱ्यांमध्ये मी आधी इथेच बघतो आणि बहुतेक वेळा इथेच सापडतं.

स्प्लिट स्टेप म्हणजे छोटीशी उडी, दोन्ही पाय जरा फाकवून खाली येणं. सगळ्यांना माहीत असते, प्रश्न कधी मारायची हा आहे. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते तेव्हा तुम्ही हवेत हवे आणि चेंडू कुठल्या बाजूला निघालाय हे कळता कळता पाय जमिनीला लागायला हवेत. का, तर खाली येताना मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू लगेच जोरात ढकलू शकतो. लवकर उतरलात आणि तिथेच थांबलात तर तो ताण वाया गेला, आता परत शून्यातून सुरुवात. उशिरा उडालात तर चेंडू निघालाय आणि तुम्ही हवेत, हवेत दिशा बदलता येत नाही. चांगल्या खेळाडूंचं स्लो मोशन बघितलंत तर अजून एक मजा दिसेल, दोन्ही पाय एकदम उतरत नाहीत, उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय आधी टेकतो आणि उजवा पाय हवेतच बाहेर वळलेला असतो. हे मुद्दाम शिकवायला जाऊ नका, टायमिंग बरोबर झालं की बऱ्याच जणांचं आपोआप व्हायला लागतं.

हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटरने निघालेला चेंडू म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर, आणि कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. हवेत आणि टप्प्यावर वेग कमी होतो हे धरलं तरी हातात सेकंदाहून जरासाच जास्त वेळ. त्यातला पाव सेकंद सुरुवातीलाच गेला तर तो कुठून कापला जाणार? शेवटच्या छोट्या पावलांमधून. म्हणून दिसतं असं की "शेवटी अंतर चुकलं", आणि कोच अंतरावर काम करत बसतो.

व्हिडिओच्या पहिल्या फ्रेममध्ये बघा. नेहमीचे चार प्रकार सापडतात: उडीच नाही. उडी आहे पण आपल्या बाजूला टप्पा पडल्यावर, हे म्हणजे बस सुटल्यावर स्टॉपवर तयार होणं. पहिल्या चेंडूला आहे आणि नंतर रॅलीभर गायब, हा सगळ्यात जास्त सापडणारा. आणि चौथा, एवढी उंच उडी की उतरायलाच वेळ लागतो.

उपाय फुकट आहे. कोर्टच्या बाहेर उभं राहून दुसऱ्यांची रॅली बघायची आणि एका खेळाडूने मारला की दर वेळी स्प्लिट करायचं, रॅकेटची गरज नाही, चेंडूची नाही. डोळ्यांना समोरच्याचा हात वाचायची सवय लागते ती इथेच. मग कोर्टवर येऊन समोरच्याने मारताना तोंडाने मोठ्याने "आता" म्हणायचं, "आता" उशिरा आलं तर पायही उशिरा आलेत. लाजून हळू म्हणणारे असतात, त्यांना सांगा ऐकू आलं नाही. सर्व्हिस रिटर्नला एक छोटं पाऊल पुढे टाकून मग स्प्लिट, बाकी तेच.

आणि हो, धावत असताना समोरच्याने मारला तर? तरीही थांबायचं. मध्यावर पोचला नसाल तरी चालेल, जिथे आहात तिथे स्प्लिट. धावत्या अंगाला उलट्या दिशेला वळवणं म्हणजे तोल घालवायची गॅरंटी, त्यापेक्षा दोन पावलं चुकीच्या जागी पण दोन्ही पायांवर असलेलं परवडतं.

जाता जाता, जमिनीवर शिडी टाकून त्यात टकटक पाय टाकायचे ते ड्रिल. वॉर्मअपला हरकत नाही, पण त्याने हा बिघाड सुटत नाही. शिडीत पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे आधीच माहीत असतं आणि नजर खाली असते, टेनिसमध्ये या दोन्ही गोष्टी बरोबर उलट्या. शिडीत विजेसारखी पळणारी आणि रॅलीत खिळल्यासारखी उभी राहणारी मुलं हवी तेवढी दाखवतो.

४. पहिलं पाऊल

इथे फार वेळ घालवू नका, दोनच गोष्टी. एक, चेंडूकडे आधी रॅकेट जाते का खांदे? रॅकेट आधी गेली तर छाती नेटकडेच राहते आणि माणूस आडवा, खेकड्यासारखा पोचतो, मग मारताना सगळं अंग एकदम वळतं आणि तोल जातो. आधी खांदे वळले की रॅकेट त्यांच्याबरोबर येतेच. दोन, लांबच्या चेंडूला साइड शफल (पाय क्रॉस न करता आडवं सरकणं) करतोय का? सिंगल्समध्ये सेंटर मार्कपासून (बेसलाइनच्या मधल्या खुणेपासून) साइडलाइन ४.११ मीटर आहे, ते शफल करत गाठता येत नाही, वेळेत गाठलंच तर शेवटी लांब झेप पडते. एक-दोन पावलांचं अंतर असेल तर शफल, त्यापुढे पाय क्रॉस करून सरळ धावायचं.

५. शेवटची छोटी पावलं

हळू चेंडूवर जास्त चुका होणाऱ्यांचा आजार इथे आहे. जोराच्या चेंडूला थांबायला वेळच नसतो म्हणून पाय चालू राहतात. हळू चेंडूला माणूस लवकर पोचतो, "पोचलो" म्हणून पाय रोवतो आणि वाट बघतो, मग टप्पा पडून चेंडू अपेक्षेपेक्षा फूटभर इकडे किंवा तिकडे येतो आणि पाय रोवलेले असल्यामुळे हात आणि कंबर लांब करून तो गाठावा लागतो. टप्प्यावर वेग, उंची, दिशा तिन्ही बदलू शकतात, स्पिन असेल तर जास्तच. म्हणून टप्पा पडेपर्यंत पाय जिवंत हवेत.

मोठं पाऊल एकदा उचललं की ते पडेपर्यंत तुम्ही बांधले जाता, मध्येच बदलता येत नाही. छोटं पाऊल चुकलं तर पुढच्याच पावलात सुधारता येतं. सुरुवातीला मोठी पावलं, चेंडूजवळ आलं की छोटी, बस. कानाने पण तपासता येतं, हार्ड कोर्टवर चांगल्या खेळाडूच्या बुटांचा आवाज मारायच्या आधी वाढतो, आपल्याकडच्या बहुतेकांचा मारायच्या आधी बंद पडतो.

तपासायला रॅकेट बाजूला ठेवा. हळू चेंडू फीड करा आणि टप्प्यानंतर डाव्या हाताने झेलायला सांगा, कमरेच्या उंचीवर, अंगाच्या जरा पुढे आणि उजवीकडे, म्हणजे फोरहँड जिथे मारतो साधारण तिथे. हात लांब करून झेलला तर अंतर जास्त, पोटापाशी झेलला तर कमी. रॅकेट हातात असली की ती चूक झाकते, झेलताना झाकता येत नाही. मोठ्या माणसांना हे पोरकट वाटतं, तरी करून घ्या.

अंगावर येणाऱ्या चेंडूचं वेगळं. तिथे सगळे वरचं अंग मागे घेतात आणि पाय जागीच ठेवतात. हलायचे असतात पाय. डाव्या पायावर वळून उजवा पाय मागे आणि बाहेर न्यायचा, चेंडूला जागा करून द्यायची. उभं राहून हे वीस वेळा नुसतं चेंडूशिवाय करा, मग छातीवर फीड.

६. स्टान्स, पाया आणि डोकं

इथपर्यंत सगळं ठीक असूनही पडत असेल तर मग मारतानाचं बघू.

लांबच्या फोरहँडला डावा पाय ओलांडून पुढे टाकला की क्लोज्ड स्टान्स होतो, खुबे अडतात, आणि अंगाला फिरायला जागा नसल्यामुळे ते बाजूला पडतं. लांबच्या चेंडूला ओपन स्टान्स (छाती नेटकडे, दोन्ही पाय साधारण बेसलाइनला समांतर), उजवा पाय रोवून त्यावर बसायचं आणि तिथून वर यायचं. आखूड, पुढे येऊन मारायच्या चेंडूला डावा पाय पुढे टाकलेला न्यूट्रल स्टान्स छान. बाकी बहुतेक वेळा सेमी ओपन, म्हणजे या दोन्हींच्या मधला. कुठल्याही स्टान्समध्ये एकच नियम, स्विंग पुढे सुटायच्या आधी बाहेरचा पाय रोवलेला असायला हवा. पाय टेकणं आणि चेंडू लागणं एकाच वेळी होत असेल तर सगळी ताकद तोल सावरण्यातच जाते.

डाव्या हाताकडेही बघा. फोरहँडला तो बेसलाइनला समांतर आडवा ताणलेला हवा. तो लवकर खाली पडला की डावा खांदा उघडतो आणि अंग डावीकडे ओढलं जातं. एका हाताच्या बॅकहँडला उलट, मारताना डावा हात मागे राहिला तर खांदे जास्त फिरत नाहीत आणि तोल टिकतो. पाय, पाय करताना हा हात विसरला जातो.

टेस्ट: मारून झाल्यावर पुतळा. मनात एक-दोन म्हणेपर्यंत हलायचं नाही. नाक दोन्ही पायांच्या मध्ये आहे का बघा. सोप्या फीडवर हे जमलं नाही तर रॅलीत जमायचा प्रश्नच नाही. पण हा सराव आहे, मॅचमध्ये पुतळा होऊ नका.

आणि प्रत्येक कलंडणं ही चूक नसते. पळता पळता कोपऱ्यातून मारलेल्या फोरहँडनंतर मोठे मोठे खेळाडूही दोन-तीन पावलं बाहेर जातात, तो वेग आहे, बिघाड नाही. डोकं सरळ आणि चेंडूवर नजर स्थिर असेल तर मी तिकडे लक्ष देत नाही. जोकोविच हार्ड कोर्टवर घसरत जाऊन मारतो ते बघून मुलं ते करायला जातात, ते मात्र लगेच थांबवा. त्याला तशा बुटांची, ताकदीची आणि वर्षानुवर्षांच्या सरावाची साथ आहे, आणि त्यात चूक झाली तर घोटा, गुडघा, खुबा यातलं काहीही जाऊ शकतं.

७. परत कुठे येता?

"मारलं की मध्यावर ये" हे अर्धंच खरं. उभं राहायचं ते समोरच्याला जे कोन मिळू शकतात त्यांच्या मध्यावर, कोर्टाच्या मध्यावर नाही. फोरहँड कोपऱ्यातून क्रॉस कोर्ट (कर्णात, समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे) मारलात तर सेंटर मार्कच्या थोडं उजवीकडेच थांबायचं असतं. तिथूनच डाउन द लाइन (साइडलाइनला धरून सरळ) मारलात तर मात्र सेंटर मार्क ओलांडून डावीकडे जावं लागतं, म्हणजे धाव बरीच वाढली. ताणलेल्या अवस्थेत डाउन द लाइन मारणारा खेळाडू पुढच्या चेंडूला धावताच सापडतो, तोल जातो, आणि सगळे म्हणतात फुटवर्क खराब. फुटवर्क नाही हो, शॉट निवडायला चुकला. अडचणीत असाल तर उंच क्रॉस कोर्ट, मधल्या भागात नेट ९१.४ सेंटीमीटर आहे आणि खांबांजवळ १.०७ मीटर, वर कर्णावर जागाही जास्त आणि परत यायला वेळही जास्त.

सर्व्हिसला पडत असाल तर

आधी टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर टाकणं. टॉस डोक्याच्या मागे किंवा डावीकडे गेला की अंग त्याच्या मागे जाणारच. दहा टॉस न मारता खाली पडू द्या, पुढच्या पायाच्या थोडं पुढे, कोर्टच्या आत पडायला हवेत. तिथे पडत नाहीत तोवर पायांना दोष देऊ नका.

८. शरीर

सगळ्यात हळू आणि कंटाळवाणं काम म्हणून शेवटी ठेवलंय. तीन टेस्ट घरी होतात, तिन्हींमध्ये आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघायचा.

एका पायावर ३० सेकंद उभं राहा, मग डोळे मिटून (जवळ भिंत असू द्या, डोळे मिटल्यावर वेळ बराच कमी येतो, घाबरू नका). दुसरी, भिंतीकडे तोंड करून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाय मागे मागे नेत जायचा, जास्तीत जास्त अंतर मोजायचं. एका बाजूला स्पष्ट कमी आलं तर तो घोटा आखडलाय, खाली बसताना त्या बाजूची टाच उचलली जाते आणि वजन पुढे फेकलं जातं. जुन्या मुरगळीनंतर हे हमखास राहतं, दुखणं गेलं म्हणून लोक विसरतात. तिसरी, आरशासमोर एका पायावर अर्धं बसा, गुडघा आत पडतोय का बघा. पडत असेल तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडतायत.

यावर साइड लंज (बाजूला मोठं पाऊल टाकून बसणं), स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसणं), एका पायावर काफ रेझ (टाच उचलणं), आठवड्यातून दोन-तीनदा. फरक आठवड्यांनी दिसतो, दिवसांनी नाही. भरभर उंची वाढणाऱ्या मुलांचा तोल काही महिने असाच बिघडलेला असतो, हातापायांची लांबी बदललीय आणि अंगाला अजून सवय नाही, तेव्हा रागावून उपयोग नाही, सराव हलका ठेवा.

थांबा, आता हे कोर्टवर सुटणार नाही

वरचे एक ते सात मुद्दे महिनाभर नीट क्रमाने करूनही व्हिडिओत फरक नसेल तर चांगल्या कोचला प्रत्यक्ष दाखवा, जुना आणि नवा दोन्ही व्हिडिओ घेऊन जा. हा झाला साधा भाग. खालच्या गोष्टींमध्ये मात्र कोचही नाही, डॉक्टर किंवा फिजिओ:

घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नाहीयेत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबलं की दुखतंय, तर एक्स-रे. बर्फ लावून बघू, उद्या बघू, असं करू नका. मुलांना तर जरा शंका आली तरी दाखवा.

पोटरीत किंवा टाचेच्या वर अचानक कोणीतरी मागून फटका मारल्यासारखं झालं, वळून बघितलं तर मागे कोणी नाही, तर पोटरीचा स्नायू किंवा अकिलीस टेंडन फाटलेलं असू शकतं. तिथेच खेळ थांबवा, स्ट्रेचिंग करून बघायला जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर.

गुडघा सुजतोय, अडकतोय किंवा मध्येच दगा देतोय. हा तोलाचा प्रश्न वाटतो पण आतली दुखापत असू शकते, व्यायामाने ताकद वाढवू म्हणून त्यावर उड्या मारू नका.

वाढत्या वयातल्या मुलाची टाच किंवा गुडघ्याच्या खालचं हाड खेळल्यावर सारखं दुखतंय, लंगडतोय. वाढणाऱ्या हाडावर ताण येऊन हे होतं आणि बहुतेकदा बरं होतं, पण किती खेळायचं हे डॉक्टरला ठरवू द्या.

कोर्टच्या बाहेरही तोल जातोय, अंथरुणातून उठताना गरगरतंय, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, दोन-दोन दिसतंय. कान, नस, डोळे, औषधं, कारण काहीही असू शकतं आणि त्यातलं एकही फुटवर्कने जात नाही. आणि तोल अचानक गेला, सोबत चेहरा वाकडा, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा, तर विचार करत बसू नका, लगेच हॉस्पिटल.

चाळिशीनंतर अचानक चेंडूचं अंतर चुकायला लागलं असेल तर नवीन चष्मा आठवा. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये खालचा भाग जवळचं बघायला असतो, त्यामुळे पायाजवळचा टप्पा धूसर किंवा सरकलेला दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की टेनिस खेळतो, खेळण्यासाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा चालेल का विचारा.

दुखापतीनंतर परत कोर्टवर येताना डॉक्टर "चाला-फिरा" म्हणाले म्हणजे "खेळा" म्हणाले असं नसतं. त्या पायावर न दुखता उड्या मारता येतायत का, दोन्ही बाजूंना धावून झटकन थांबता येतंय का, हे फिजिओसमोर करून दाखवा आणि मग सर्व्हिस बॉक्समधल्या मिनी टेनिसने (नेटजवळच्या चौकटींतच हळू खेळण्याने) सुरुवात करा.